उसावरील लोकरी मावा व बांधावरची कीटकसृष्टी

सन २००२ च्या जुलै महिन्यात सांगली जिल्ह्यातील उसाच्या काही फडांत एक नवाच देखावा दिसू लागला. पानांच्या खालच्या अंगास पिंजलेला कापूस चिकटवावा तसा पांढरा थर, आणि त्या पानांच्या खालची पाने मात्र काजळी धरल्यासारखी काळीभोर. पाहणाऱ्यास प्रथमदर्शनी ही बुरशी वाटावी. परंतु पान उलटून त्यावरून बोट फिरविले असता मेणचट पांढरी भुकटी बोटास लागे, आणि तिच्याखाली दाटीवाटीने बसलेले जेमतेम दोन मिलिमीटर लांबीचे किडे हालचाल करताना दिसत. हाच तो उसावरील लोकरी मावा. सेरॅटोव्हॅक्युना लॅनिजेरा हे त्याचे शास्त्रीय नाव.

ही कीड जगास नवी नव्हती. जावा बेटातील उसावरून तिचे वर्णन १८९७ साली प्रसिद्ध झाले होते. आपल्या देशातही पश्चिम बंगालात १९५८ साली तिची नोंद झालेली होती, आणि ईशान्येकडील राज्यांत ती अधूनमधून उपद्रव देत असे. परंतु कृष्णा-वारणेच्या खोऱ्यास तिची ओळख नव्हती. सांगलीतून ती पाहता पाहता सातारा, कोल्हापूर, पुणे, सोलापूर या जिल्ह्यांत व खाली कर्नाटकात पसरली.

या किडीचा संसार विलक्षण आहे. तिच्यात नराची गरज पडत नाही. मादी अंडी न घालता थेट पिलांना जन्म देते, व ती पिलेही थोड्याच दिवसांत माद्या होऊन पुढची वीण सुरू करतात. गर्दी वाढली की पंख असलेल्या माद्या निपजतात आणि वाऱ्याबरोबर शेजारच्या फडात उतरतात. ढगाळ व दमट हवा या किडीस मानवते. सोंड खुपसून ती पानातील रस शोषते. त्या रसातील जादा साखर चिकट स्रावाच्या रूपाने खालच्या पानांवर पडते, व त्या गोडीवर काळी बुरशी वाढते. काळवंडलेल्या पानास सूर्यप्रकाश पुरेसा मिळत नाही, अन्न तयार करण्याचे त्याचे काम मंदावते, उसाचे वजन घटते आणि साखरेचा उताराही कमी होतो.

अशा वेळी शेतकऱ्याचा हात औषधाच्या बाटलीकडे गेला यात नवल नाही. परंतु आदल्या वर्षीच्या आडसाली उसाचा फड जुलै-ऑगस्टमध्ये माणसाच्या उंचीच्या वर गेलेला असतो. पानांच्या धारेने अंग कापते, सरीतून चालणेही अवघड होते, आणि कीड तर पानाच्या खालच्या अंगास मेणाचे पांघरूण घेऊन बसलेली. पाठीवरच्या पंपाने वरून उडविलेले औषध तिच्यापर्यंत पोहोचणार कसे? कडेच्या चार-सहा सऱ्यांतील मावा मरे, मधला तसाच राही, आणि पंधरा दिवसांत कडेलाही पुन्हा पांढरे दिसू लागे. औषधाने हमखास मरत ते दुसरेच कीटक. आणि या लेखाचा खरा विषय तेच आहेत.

लोकरी माव्याच्या मागोमाग त्याला खाणारे कीटकही फडांत आले. त्यांतील पहिली म्हणजे डिफा ॲफिडिव्होरा नावाच्या पतंगाची अळी. अळी म्हटली की ती पाने खाणार, अशीच आपली समजूत असते. ही अळी मात्र पानाला तोंड लावीत नाही. माव्याच्या वसाहतीतच रेशमी धाग्याची जाळी विणून ती त्याखाली राहते व मावा फस्त करीत पुढे सरकते. तिच्या अंगावर माव्याचेच मेण चिकटलेले असल्यामुळे ती चटकन दिसत नाही. दुसरा मायक्रोमस इगोरोटस, तपकिरी पंखांचा, नाजूक बांध्याचा कीटक. त्याची अळी दोन्ही टोकांस निमुळती असते व कोयत्यासारख्या वाकड्या जबड्यांत मावा पकडून त्यास शोषून घेते. तिसरी सिरफिड माशीची बिनपायाची अळी. यांखेरीज इनकार्शिया फ्लॅवोस्क्युटेलम नावाची डोळ्यांस जेमतेम दिसेल एवढी गांधीलमाशीच्या कुळातील माशी माव्याच्या शरीरातच अंडे घालते. ही माशी आसामातून मुद्दाम आणून इकडील उसात सोडण्यात आली.

बंगळूर येथील जैविक कीड नियंत्रण प्रकल्प संचालनालय (आजचे राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्यूरो), मांजरी येथील वसंतदादा साखर संस्था, राहुरीचे कृषी विद्यापीठ, साखर कारखाने व कृषी खाते यांनी या मित्रकीटकांची वाढ करण्याचे काम हाती घेतले. प्रयोगशाळेत मावा वाढविणे जिकिरीचे. म्हणून शेतातच मावा लागलेल्या उसावर सावलीच्या जाळीचे मांडव घालून त्यांत डिफा व मायक्रोमस वाढविण्याची रीत निघाली. हेक्टरी डिफाच्या १,००० अळ्या किंवा मायक्रोमसच्या २,५०० अळ्या सोडाव्यात, अशी शिफारस झाली. पुढील काही वर्षांत माव्याचा जोर ओसरला तो मुख्यतः या कीटकांमुळे. आजही पावसाळ्यात एखाद्या फडात पांढरी पाने दिसतात. परंतु २००२ सालासारखा वणवा पेटत नाही, कारण त्या पानांवर खाणाराही बसलेला असतो.

तरीही घोटाळा होतो. काही वर्षांपूर्वी वाळवा तालुक्यात एका वयोवृद्ध शेतकऱ्याने मला पान आणून दाखविले. "साहेब, मावा होताच, आता त्यात ही अळी निघाली. दोन्हीला मिळून एकच औषध सांगा." ती डिफा होती. मी म्हटले, "तात्या, या अळीला औषध माराल तर माव्याला मोकळे रान मिळेल." त्यांचा विश्वास बसला नाही, आणि न बसणे रास्तच होते. उसाचे नुकसान झाले तर त्यांचे होणार होते, माझे नव्हे. शेवटी दहा पानांना लाल दोरा बांधून पंधरा दिवस थांबावयाचे ठरले. फरक न दिसल्यास फवारणीस मी स्वतः येईन, असे मी कबूल केले. ते पंधरा दिवस मलाही सोपे गेले नाहीत. एकदा तर वाटेत मुद्दाम थांबून मी त्या फडात डोकावून आलो. पंधराव्या दिवशी दहापैकी आठ पानांवर मेणाचे रिकामे पापुद्रे व डिफाचे कोष एवढेच उरले होते. तात्यांनी पंप बाहेर काढला नाही.

आता प्रश्न असा की ही कीड एकाएकी एवढी माजली कशी? ती बाहेरून आली व तिचे शत्रू मागून आले, हे उत्तर खरे आहे. पण अपुरे आहे. तिला येथे एवढे मोठे ताट वाढून ठेवलेले होते, हाही त्याचा भाग आहे.

सातारा व सांगली हे दोन जिल्हे १९४९ पर्यंत एकच होते. पुढे उत्तर सातारा व दक्षिण सातारा असे भाग झाले, आणि १९६० साली दक्षिण साताऱ्यास सांगली हे नाव मिळाले. या मुलखाची जमीन एका पट्ट्यात मोजता येत नाही. महाबळेश्वरास वर्षाला सहा हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस, तर माण, आटपाडी, जत या भागांत पाचशेच्या आसपास. पश्चिमेस पाटण, जावळी, शिराळा येथील डोंगरउतारावर भात, नाचणी, वरी व वरकस जमिनीत पिवळ्या फुलांचे कारळे. मधल्या काळ्या जमिनीत शाळू, हरभरा, करडई. पूर्वेस बाजरीत मटकी, हुलगा, तूर, तीळ, अंबाडी यांची मिसळ. एका शेतात चार-पाच पिके आणि चार-पाच वेळांचा फुलोरा असे. करडईचा पाटा जनावरे आत शिरू नयेत म्हणून कडेने पेरीत. पण त्याच्या फुलांवर हिवाळाभर माश्या, गांधीलमाश्या व फुलपाखरे यांची गर्दी असे. हे कोणी कीटकांच्या कल्याणासाठी केले नव्हते. पावसाचा भरवसा नाही, एक पीक गेले तर दुसरे हाती लागावे, एवढाच त्यामागील हिशेब.

नंतर पाणी आले. कृष्णेवर खोडशीचा बंधारा एकोणिसाव्या शतकातला. परंतु कोयनेच्या साठ्यामुळे व सहकारी उपसा सिंचन योजनांमुळे कराड, वाळवा, पलूस, मिरज या तालुक्यांतील नदीकाठ बारमाही झाला. साखर कारखाने निघाले. पुढे ताकारी, म्हैसाळ, टेंभू व उरमोडी या योजनांनी हेच पाणी पूर्वेच्या कोरड्या माळांवर नेले. या पाण्याने किती घरांची चूल पेटती राहिली, किती कुटुंबांची मुंबईची वाट चुकली, हे ज्याने पाहिले आहे तो उसाला नावे ठेवणार नाही. प्रस्तुत लेखकही ठेवीत नाही. परंतु उसाचे शेत कीटकांच्या दृष्टीने काय आहे, हे एकदा त्यांच्या बाजूनेही पाहावयास हवे.

आडसाली ऊस सोळा ते अठरा महिने उभा राहतो. त्यानंतर खोडवा, पुष्कळदा दुसरा खोडवा. शेजारी पूर्वहंगामी, पलीकडे सुरू. म्हणजे वर्षाच्या कोणत्याही दिवशी कोवळा ऊस व जून ऊस दोन्ही हजर. उसाचे रस पिणाऱ्या व खोड पोखरणाऱ्या किडीस उपाशी राहण्याचा एकही महिना उरत नाही. त्यात एकाच वाणाची लागवड शिवारेच्या शिवारे व्यापून असते. को ८६०३२ हा पाडेगावच्या संशोधन केंद्रातून शेतकऱ्यांपर्यंत गेलेला उत्तम वाण. त्याच्या गुणांमुळेच तो सर्वत्र पसरला. पण जे एका फडात किडीस मानवले ते मग शंभर फडांत मानवते. नत्राची मात्रा शिफारशीहून अधिक दिली तर पाने अधिक रसरशीत व माव्यास अधिक गोड होतात, तो भाग निराळाच.

आणि मित्रकीटकांस उसात काय मिळते? ऊस हे गवतवर्गीय पीक. तुरा येण्याच्या आत पुष्कळसा ऊस तुटतो, आणि आला तरी त्या तुऱ्यात मध नसतो. सिरफिड माशीची अळी मावा खाते खरी, पण अंडी घालणारी प्रौढ माशी मध व पराग यांवर जगते. खोडकिडीच्या अंड्यांत अंडी घालणारी ट्रायकोग्रामाची माशीही मधाचा थेंब मिळाला तर अधिक दिवस जगते. म्हणजे या कीटकांच्या पिलांचे अन्न फडात आहे, पण आईबापांचे अन्न फडाबाहेर, बांधावर आहे.

म्हणून आता बांधाकडे वळू. श्रावण-भाद्रपदात सकाळी नवाच्या सुमारास, ऊन तापण्यापूर्वी, कोणत्याही जुन्या रुंद बांधावर अर्धा तास बसून पाहावे. एकदांडीच्या पिवळ्या-पांढऱ्या लहानशा फुलावर, जिला आपण तण म्हणून मोजतो, दोन-तीन प्रकारच्या माश्या, एखादी बारीक गांधीलमाशी व छोटी निळी फुलपाखरे येऊन जातात. तरवडाच्या पिवळ्या फुलांशी काळा भुंगा गुणगुणतो. तोच पुढे तुरीच्या फुलांवर जातो. कुर्डूच्या तुऱ्यांवर, निर्गुडीवर, बोरीच्या बारीक फुलांवर निरनिराळी मंडळी. रुईच्या पानामागे पिवळा मावा असतो आणि त्यावर लाल ठिपकेदार ढालकिडे. रुईवरचा हा मावा उसाला लागत नाही, पण ढालकिड्यांची शिदोरी मात्र होते. बांधाच्या मातीत एकेकट्या राहणाऱ्या माश्यांची बिळे असतात. त्या मध साठवीत नाहीत, म्हणून त्यांची गणना कोणी करीत नाही; मात्र भोपळा, दोडका, वांगी, तूर यांच्या फळधारणेत त्यांचा वाटा मोठा आहे.

हा बांध दोन्ही बाजूंनी खाल्ला जात आहे. वाटण्यांनी शेते लहान झाली, आणि प्रत्येक नांगरटीस तास-अर्धा तास बांधात शिरतो. जुन्या बांधाची रुंदी चार-पाच हात असे. आता पुष्कळ ठिकाणी पाय ठेवण्यापुरती वरंबी राहिली आहे. जी राहिली तीवर तणनाशक फवारले जाते. शेत स्वच्छ दिसावे, शेजाऱ्याने नावे ठेवू नयेत, ही त्यामागील भावना मी समजू शकतो. आमच्याच खात्यातील मंडळींनी वर्षानुवर्षे 'बांध स्वच्छ ठेवा' असे सांगितलेले आहे, तेव्हा याचा सगळा दोष शेतकऱ्याच्या माथी मारता येणार नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. बांधावरील प्रत्येक झाड हितकर व प्रत्येक कीटक मित्र, असे मुळीच नाही. गाजरगवतावर पिठ्या ढेकूण पोसतो. ते फुलण्यापूर्वी उपटलेच पाहिजे. आणि हुमणीचे उदाहरण तर याहून अडचणीचे आहे. होलोट्रिकिया सेराटा या हुमणीचे भुंगेरे वळवाचा पहिला चांगला पाऊस झाला की संध्याकाळी जमिनीतून निघून कडुनिंब, बाभूळ, बोर यांच्यावर जमतात, पाने खातात, तेथेच मीलन होते, व माद्या परत जमिनीत जाऊन अंडी घालतात. यावरून काही गावांत बांधावरील निंब-बाभळी तोडाव्यात असा विचार निघतो. तो चुकीचा आहे. झाडे तोडली म्हणजे भुंगेरे नाहीसे होत नाहीत. ते दूरच्या झाडावर जातात, आणि त्यांना एका जागी गाठण्याची आपली एकुलती एक संधी मात्र जाते. कृष्णा-वारणेच्या काठी आढळणारी ल्युकोफोलिस लेपिडोफोरा ही दुसरी हुमणी तर अशा झाडांवर फारशी अवलंबून नाही. झाडे तोडून तिचे काही बिघडत नाही.

हुमणी वाढण्याचे खरे कारण झाडांत नसून जमिनीच्या वापरात आहे. खोडव्यावर खोडवा घेतल्याने तीन-तीन वर्षे खोल नांगरट होत नाही. पूर्वी उन्हाळी नांगरटीच्या मागे बगळे, कावळे, साळुंक्या रांगेने चालत व उघड्या पडलेल्या अळ्या टिपून नेत. ती पंगत आता बसत नाही. ज्या गावी हुमणी आहे तेथे दोनच उपाय खरे उपयोगी पडतात. पहिला, वळवाच्या पहिल्या पावसानंतर साधारण सात ते नऊच्या दरम्यान निंब-बाभळीच्या फांद्या हलवून खाली पडलेले भुंगेरे गोळा करणे व रॉकेल घातलेल्या पाण्यात टाकणे. हे काम एकट्याने केले तर व्यर्थ. सगळ्या गावाने तीन-चार संध्याकाळी मिळून केले तरच त्याचा परिणाम दिसतो. दुसरा, खोडवा मोडून फेरपालट करणे व मेटॅऱ्हायझियम ही बुरशी कुजलेल्या शेणखतातून जमिनीत देणे. ही बुरशी अळीस रोगी करून मारते.

द्राक्षाच्या बागांत याच गोष्टीचे दुसरे रूप दिसते. तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ या तालुक्यांनी द्राक्ष व बेदाणा यांत देशभर नाव मिळविले आहे. ऑक्टोबर छाटणीपासून माल तयार होईपर्यंत बागेत फवारण्यांची मालिका चालू असते, आणि केवडा-भुरी यांसारख्या रोगांमुळे तिच्यावाचून इलाजही नसतो. परंतु कीटकनाशकांच्या बाबतीत अनुभव उलटा आहे. पिठ्या ढेकूण वेलीच्या सैल सालीखाली व घडाच्या आत लपतो. औषध त्याच्यापर्यंत नीट जात नाही, आणि उघड्यावर फिरणारे त्याचे शत्रू आधी मरतात. मुंग्या त्याच्या गोड स्रावासाठी त्याची राखण करतात व त्याला एका वेलीवरून दुसरीवर नेतात, अशी त्यांची युती. त्याचा नामांकित शत्रू क्रिप्टोलेमस हा ढालकिडा ऑस्ट्रेलियातून १८९८ सालीच भारतात आणलेला आहे. गंमत अशी की त्याची अळीही पांढऱ्या मेणाच्या झालरी अंगावर घेऊन हिंडते, व पाहणाऱ्यास तीच मोठा पिठ्या ढेकूण वाटते. डिफाच्या बाबतीत तात्यांचा जो घोटाळा झाला, तोच येथे बागाईतदाराचा होतो. ओळखण्याची खूण सोपी आहे : काडीने डिवचले असता ढेकूण सावकाश सरकतो, क्रिप्टोलेमसची अळी चटचट धावते. ज्या बागेत हा ढालकिडा सोडावयाचा तेथे आधी व नंतर कडक कीटकनाशक टाळले पाहिजे आणि मुंग्यांचा बंदोबस्त केला पाहिजे. नाही तर पैसे देऊन विकत आणलेला मित्र आपणच मारल्यासारखे होईल.

मधमाशीविषयी थोडक्यात सांगतो, कारण त्याबद्दल पुष्कळ सांगितले गेले आहे. महाबळेश्वरच्या रानात सातेरी मधमाशीचा मध जांभूळ, हिरडा, गेळा व काही वर्षांनी एकदा फुलणारी कारवी यांच्यापासून मिळतो, आणि तेथील मांघर हे गाव २०२२ साली मधाचे गाव म्हणून घोषित झाले. त्याच तालुक्यात स्ट्रॉबेरी पिकते. स्ट्रॉबेरीच्या एकेका फुलात अनेक स्त्रीकेसर असतात. मधमाशीने सगळ्यांवर पराग पसरला तर फळ सुडौल होते, अर्ध्यांवरच पसरला तर ते वाकडेतिकडे राहते व बाजारात भाव घेत नाही. म्हणजे शेताच्या कडेचे रान हे त्या शेताच्या उत्पन्नाचाच एक भाग झाले. पूर्वेकडे, सूर्यफुलात दाणे पोचट राहू नयेत म्हणून फुलावरून मऊ कापडाने हात फिरविण्याची शिफारस आम्ही करीत आलो आहोत. माशीचे काम माणसाच्या मजुरीवर आले, असा त्याचा सरळ अर्थ. डाळिंब, कांद्याचे बी व सूर्यफूल घेणाऱ्यांनी फुलोऱ्याच्या काळात शक्यतो फवारणी करू नये; करणे भागच पडले तर सूर्यास्तानंतर करावी, व शेजारी मधपेट्या असतील तर त्यांच्या मालकास आदल्या दिवशी कळवावे.

नवी कीड पुन्हा येणारच. अमेरिकन लष्करी अळी मे २०१८ मध्ये कर्नाटकात मक्यावर आढळली, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात ती सांगली जिल्ह्यात उसावरही दिसली. तिच्या अंड्यांत अंडी घालणाऱ्या बारीक माश्या आपल्याकडे आधीपासून होत्या. अशा माश्या ज्या शिवारात शिल्लक असतात तेथे नव्या किडीस पहिल्या दिवसापासून विरोध होतो. ज्या शिवारात त्या आपण आधीच मारून टाकलेल्या असतात तेथे सगळा भार औषधावर पडतो, आणि खर्च शेतकऱ्याच्या खिशावर.

एवढ्यावरून व्यवहारात काय करावयाचे? सगळा ऊस मोडून शाळू पेरा, असे सांगणे हास्यास्पद होईल. उसाच्या लावणीत पहिल्या तीन-चार महिन्यांत सरीच्या बगलेस भुईमूग, हरभरा, कोथिंबीर किंवा कांदा यांचे आंतरपीक घेता येते. कोथिंबीरीचा काही भाग फुलू दिला तर त्या पांढऱ्या छत्र्यांवर सिरफिड माश्या व परोपजीवी माश्या जितक्या येतात तितक्या क्वचितच दुसऱ्या कशावर येत असतील. पट्टा पद्धतीने लावण केल्यास फडात शिरून पाने पाहता येतात. जो फड पाहता येत नाही त्यातील कीड कळतच नाही. तोडणीनंतर पाचट जाळू नये. त्यात कोष, कोळी व ढालकिडे यांचा आसरा असतो, आणि जमिनीस सेंद्रिय खत मिळते ते निराळे. बेणे निरोगी फडातूनच घ्यावे. मावा लागलेल्या फडाचे वाढे वैरणीसाठी दूरच्या गावी नेऊ नये. बांधाबाबत माझे एवढेच मागणे आहे की एका बाजूचा तरी बांध दोन हात रुंद राखावा, त्यावर तणनाशक मारू नये, गाजरगवत तेवढे उपटावे व बाकीचे फुले संपल्यावर विळ्याने कापावे. दोन्ही शेजाऱ्यांनी मिळून ठरविले तर कोणाचीच जमीन जात नाही.

गावपातळीवर काम करणाऱ्या सहकाऱ्यांना जुलै ते ऑक्टोबर या काळात लोकरी माव्याची तक्रार आल्यास त्यांनी औषधाची चिठ्ठी लिहिण्यापूर्वी फडात निदान पाच ठिकाणी जाऊन प्रत्येक ठिकाणी पाच उसांची पाने उलटून पाहावीत. पांढऱ्या थरात रेशमी जाळी, तिच्याखाली अळी, पांढरट कोष, निमुळत्या तपकिरी अळ्या किंवा काळे पडलेले मेलेले मावे, यांपैकी काही आढळले तर फवारणी थांबवावी. आढळलेल्या पानांना दोरा बांधून तारीख लिहून ठेवावी, व पंधरा दिवसांनी शेतकऱ्यास बरोबर घेऊन तीच पाने पुन्हा पाहावीत. मित्रकीटक मुळीच नसतील, तर ते जेथे विपुल आहेत अशा जवळच्या फडातून अळ्या व कोष असलेल्या पानांचे वीतभर तुकडे कापून, सकाळी किंवा संध्याकाळी, कापडी पिशवीतून आणावेत आणि मावा असलेल्या पानांच्या खालच्या बाजूस सुतळीने बांधावेत. तुकडे उन्हात ठेवू नयेत, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घालू नयेत. आतील वाफेने अळ्या मरतात.